लांब पल्ल्याचा दर्यासारंग : अॅडमिरल इसोरोकु यामामोटो

हिंगोली शहराची एक जुनी ओळख लष्करी छावणी अशी आहे. निजामाच्या राज्यात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली जी हैदराबाद कंटिन्जंट नावाची फौज होती, तिच्या ठाण्यांपैकी हिंगोली हे एक ठाणे. १९०३ मध्ये ही छावणी उठली. कंटिन्जंटच्या पलटणी ब्रिटिश हिंदी सैन्यात मिसळल्या आणि पुढे त्यांतून १९ वी हैदराबाद रेजिमेंट उभी राहिली. आजच्या कुमाऊँ रेजिमेंटचे मूळ तेथे आहे. डिसेंबर १९४१ मध्ये जपानने मलायावर हल्ला केला, तेव्हा या रेजिमेंटची चौथी पलटण तेथे तैनात होती. मलायाच्या ईशान्य किनाऱ्यावरील कोटाभारूच्या विमानतळावर पहाऱ्याला होती ती निजामाच्या संस्थानी फौजेतील पहिली हैदराबाद इन्फंट्री. हिंगोली त्या काळी याच संस्थानातील परभणी जिल्ह्याचा एक तालुका होता.

८ डिसेंबरच्या मध्यरात्रीनंतर जपानी सैनिक कोटाभारूच्या वाळूत उतरले. त्यांना समुद्रातच अडवावे यासाठी सिंगापूरहून दोन बलाढ्य ब्रिटिश युद्धनौका निघाल्या होत्या. १० डिसेंबरच्या दुपारी त्या दोन्ही समुद्रतळाशी गेल्या. त्यांना बुडविणारी विमाने दोन इंजिनांची, जमिनीवरून उडणारी आणि नौदलाच्या मालकीची होती. अशा विमानांची कल्पना ज्याने सुमारे दहा वर्षे आधी उचलून धरली, त्या माणसाचे नाव इसोरोकु यामामोटो. सव्वा वर्षानंतर अशाच एका विमानात त्याचा अंत झाला. पर्ल हार्बरवरील हल्ल्याचा सूत्रधार म्हणून यामामोटो जगाला ठाऊक आहेत. परंतु त्यांच्या आयुष्याचा खरा धागा या विमानांच्या कहाणीतून जातो.

पराभूतांच्या घरातील मुलगा

यामामोटो यांचा जन्म ४ एप्रिल १८८४ रोजी जपानच्या पश्चिम किनाऱ्याकडील नागाओका या गावी झाला. मूळ आडनाव ताकानो. जन्माच्या वेळी वडिलांचे वय ५६ वर्षांचे होते, म्हणून मुलाचे नावच इसोरोकु, म्हणजे छप्पन्न, असे ठेवले गेले. घराणे सामुराईंचे, पण वैभव ओसरलेले. १८६८ च्या यादवी युद्धात नागाओकाचे सरदार सम्राटाच्या पक्षाविरुद्ध लढले आणि हरले. गाव जळाले, जहागिरी गेली, तलवारी म्यान झाल्या. इसोरोकुचे वडील शाळेत शिकवून संसार चालवीत. युद्ध हरल्यानंतर घराघरात काय उरते, हे या मुलाने पुस्तकात वाचले नव्हते, ते त्याने पाहिले होते.

१९०१ मध्ये तो एताजिमा येथील नौदल प्रबोधिनीत दाखल झाला आणि १९०४ मध्ये तेथून उत्तीर्ण होऊन बाहेर पडला. त्या वेळी रशिया-जपान युद्ध पेटलेले होते. २७ मे १९०५ रोजी त्सुशिमाच्या सामुद्रधुनीत अॅडमिरल तोगो यांनी रशियन आरमाराचा धुव्वा उडविला. ‘निशिन’ या क्रूझरवर तरुण ताकानो जबर जखमी झाला आणि त्याच्या डाव्या हाताची दोन बोटे गेली. त्सुशिमाच्या विजयाने जपानी नौदलाला एक वेड लावले. मोठ्या तोफांच्या युद्धनौका समोरासमोर येऊन एका निर्णायक लढाईत युद्ध जिंकतात, या श्रद्धेला त्या दिवसापासून शास्त्रवचनाचे मोल आले. दोन बोटे तेथे गमावलेला हा अधिकारी मात्र पुढे त्याच श्रद्धेचा सर्वांत मोठा विरोधक ठरला.

१९१६ मध्ये नागाओकातीलच यामामोटो या सामुराई घराण्याने त्यांना दत्तक घेतले. वंश खंडित होऊ नये म्हणून प्रौढ, कर्तबगार पुरुषाला दत्तक घेण्याची प्रथा जपानात रूढ होती. १९१८ मध्ये रेइको मिहाशी यांच्याशी त्यांचा विवाह झाला; त्यांना दोन मुलगे व दोन मुली झाल्या.

अमेरिकेत उघडलेले डोळे

१९१९ मध्ये नौदलाने त्यांना अमेरिकेस धाडले. हार्वर्ड विद्यापीठात इंग्रजीचे शिक्षण घेणे हे निमित्त होते, पण यामामोटोंचे लक्ष होते खनिज तेलावर. तुटपुंज्या पैशांत पोटाला चिमटा घेऊन ते मेक्सिकोच्या तेलक्षेत्रांपर्यंत हिंडून आले. आधुनिक नौदल तेलावर चालते आणि जपानपाशी तेल जवळजवळ नाही, हे गणित त्यांच्या मनात पक्के बसले. पुढे १९२६ ते १९२८ या काळात ते वॉशिंग्टनमधील जपानी वकिलातीत नौदल प्रतिनिधी होते. अमेरिकेचे मोटार कारखाने, तेलविहिरी, शेती, रेल्वे हे सारे त्यांनी डोळसपणे पाहिले. या देशाशी दीर्घकाळ युद्ध करणे जपानच्या आवाक्यातले नाही, हे त्यांचे मत तेव्हा बनले आणि अखेरपर्यंत बदलले नाही. पोकर, ब्रिज आणि जपानी बुद्धिबळ यांचे त्यांना व्यसनच होते. दारूला मात्र ते सहसा शिवत नसत. पटावर डाव कसा पडला आहे, हे पाहून पैज लावणारा हा जुगारी होता.

या दोन अमेरिका-वास्तव्यांच्या दरम्यान, १९२४ मध्ये, वयाच्या चाळिशीत त्यांनी आपला मार्ग बदलला. तोफखान्याचा हा अधिकारी कासुमिगाउरा येथील नौदलाच्या वैमानिक प्रशिक्षण केंद्रात रुजू झाला आणि स्वतः विमानोड्डाण शिकला. तेथे त्यांनी शिस्त आणली, रात्रीच्या व खराब हवामानातील उड्डाणांवर भर दिला. १९२८ मध्ये ‘अकागी’ या विमानवाहू नौकेचे ते कप्तान झाले.

कराराच्या फटीतून जन्मलेले विमान

१९२२ चा वॉशिंग्टन करार आणि १९३० चा लंडन करार यांनी जपानच्या युद्धनौकांवर संख्येची व वजनाची मर्यादा घातली होती. अमेरिका व ब्रिटन यांच्या मोठ्या युद्धनौकांच्या तुलनेत जपानचे प्रमाण पाचास तीन असे बांधले गेले. विमानवाहू नौकांवरही बंधन होते. जमिनीवरून उडणाऱ्या विमानांवर मात्र करारात एका अक्षराचीही मर्यादा नव्हती.

१९३० च्या अखेरीस यामामोटो नौदलाच्या वैमानिकी विभागात तंत्रशाखेचे प्रमुख झाले आणि त्यांनी नेमकी ही फट हेरली. पॅसिफिक महासागरात जपानच्या ताब्यात शेकडो बेटे होती. त्या बेटांवरून उडून समुद्रात शेकडो मैल आत जाणारे, शत्रूच्या आरमारावर पाणतीर सोडणारे विमान तयार झाले, तर ती बेटेच न बुडणाऱ्या विमानवाहू नौका ठरणार होती. जगातील इतर नौदले जमिनीवरील बॉम्बफेकी विमाने हे भूदलाचे किंवा हवाईदलाचे काम समजत होती. जपानी नौदलाने ते आपले काम मानले.

मित्सुबिशी कंपनीचे अभियंते किरो होंजो यांनी या विमानाचा आराखडा केला. जुलै १९३५ मध्ये त्याचा पहिला नमुना आकाशात झेपावला आणि १९३६ मध्ये ‘प्रकार ९६’ या नावाने तो नौदलात दाखल झाला. सडपातळ बांधा, पोटात घेतली जाणारी चाके आणि त्या काळाच्या मानाने थक्क करणारा पल्ला ही त्याची वैशिष्ट्ये होती. सुधारित विमान जास्तीत जास्त ४,००० किलोमीटरहून अधिक उडू शकत असे. डिसेंबर १९३५ पासून वर्षभर यामामोटो संपूर्ण वैमानिकी विभागाचे प्रमुख होते. विमान त्यांच्या देखत वयात आले.

ऑगस्ट १९३७ मध्ये चीनशी युद्ध भडकले आणि जगाला या विमानाची ओळख झाली. १४ ऑगस्टला तैवानहून आणि दुसऱ्या दिवशी जपानच्या क्युशू बेटावरून उडालेल्या विमानांनी समुद्र ओलांडून चीनच्या शहरांवर बॉम्ब टाकले. एवढा समुद्र पार करून केलेला हवाई हल्ला तोवर जगाने पाहिला नव्हता. पण पहिल्या काही दिवसांतच चिनी लढाऊ विमानांनी यांतील कितीतरी विमाने पाडली. पल्ला मिळविण्यासाठी विमानाचे पंख इंधनाने भरले होते. त्या टाक्यांना कोणतेही संरक्षण नव्हते. एक गोळी पंखात शिरली की विमान पेट घेई. पुढील काही वर्षे याच विमानांनी चुंगकिंग या चीनच्या युद्धकालीन राजधानीवर वारंवार हल्ले केले. त्यांत हजारो नागरिक मृत्युमुखी पडले. लांब पल्ल्याच्या विमानाचा हा दुसरा चेहरा होता. आरमारासाठी घडविलेले हत्यार झोपलेल्या शहरांवर वापरले गेले, ही गोष्ट यामामोटोंच्या चरित्रातून वगळता येत नाही.

पंखात आग घेऊन उडणारे

सप्टेंबर १९३७ मध्ये नौदलाने मित्सुबिशीकडे पुढच्या विमानाची मागणी नोंदविली. वेग अधिक हवा, पल्ला अधिक हवा, ८०० किलो वजनाचा पाणतीर वाहता आला पाहिजे आणि इंजिने मात्र दोनच हवीत. होंजो यांनी चार इंजिनांचा प्रस्ताव मांडला. चार इंजिने असतील तर चिलखती पत्रा आणि सुरक्षित टाक्या यांचे वजन पेलता येईल, असा त्यांचा हिशेब होता. नौदलाने तो फेटाळला. मग होंजोंनी मागितले तसे विमान करून दिले. सात जणांचे कर्मचारी मावावेत म्हणून धड जाडजूड आणि गोलसर झाले आणि वैमानिकांनी त्याला सिगारचे नाव ठेवले. २३ ऑक्टोबर १९३९ रोजी त्याचे पहिले उड्डाण झाले आणि १९४१ मध्ये ते ‘प्रकार १’ म्हणून रुजू झाले. अमेरिकनांनी पुढे त्याला ‘बेट्टी’ हे सांकेतिक नाव दिले. सुमारे ५,००० लिटर पेट्रोल पंखांत, तेही उघडेवाघडे. त्यामुळे दोन्ही बाजूंचे सैनिक या विमानाला लायटरची उपमा देऊ लागले. अशी सुमारे २,४०० विमाने तयार झाली.

हा दोष एकट्या यामामोटोंच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. ही मागणी नोंदविली गेली तेव्हा ते नौदल खात्याचे उपमंत्री होते, आराखड्याच्या मेजावर नव्हते. पण आधी पल्ला आणि मग सुरक्षितता, हा विचार त्यांनीच रुजविलेल्या कल्पनेतून आलेला होता. शत्रूने आपल्याला गाठण्यापूर्वी आपण त्याला गाठायचे, हे त्यांच्या युद्धविचाराचे सूत्र. पहिला घाव वर्मी लागला, तर ढालीची गरज काय? आणि तो लागला नाही, तर काय, या प्रश्नाला त्या विमानात उत्तर नव्हते.

युद्ध नको म्हणणारा सेनापती

उपमंत्री म्हणून यामामोटोंनी जी भूमिका घेतली, ती त्यांच्या आयुष्यातील सर्वांत धैर्याची म्हणावी लागेल. डिसेंबर १९३७ मध्ये जपानी विमानांनी चीनमध्ये ‘पॅने’ ही अमेरिकन गनबोट बुडविली, तेव्हा त्यांनी अमेरिकन राजदूताकडे जाहीर दिलगिरी व्यक्त केली. जर्मनी व इटली यांच्याशी लष्करी युती करण्यास त्यांचा ठाम विरोध होता, कारण ती युती अमेरिकेशी युद्धाकडे नेईल हे त्यांना दिसत होते. देशात अतिरेकी राष्ट्रवाद्यांचा उन्माद होता. मुत्सद्दी आणि मंत्री यांचे खून पडत होते. यामामोटोंना ठार मारण्याच्या धमक्या येऊ लागल्या. ऑगस्ट १९३९ च्या अखेरीस त्यांची संयुक्त आरमाराच्या सरसेनापतिपदी नेमणूक झाली. राजधानीपासून दूर समुद्रावर त्यांचा जीव सुरक्षित राहील, हाही त्या नेमणुकीमागचा एक हेतू मानला जातो.

२७ सप्टेंबर १९४० रोजी त्रिपक्षीय करार झालाच. पंतप्रधान कोनोए यांनी विचारले असता, सहा महिने किंवा फार तर वर्षभर आपण जोमाने लढू, पण त्यानंतरची खात्री देता येणार नाही, अशा आशयाचे स्पष्ट मत यामामोटोंनी दिले. ते मत ऐकून घेतले गेले. मानले गेले नाही. मग त्यांच्यापुढे दोन मार्ग उरले. राजीनामा द्यायचा किंवा जे युद्ध हरणार हे ठाऊक आहे त्याची योजना आखायची. त्यांनी दुसरा मार्ग पत्करला. पर्ल हार्बरच्या योजनेला वरिष्ठांनी विरोध केला, तेव्हा पद सोडण्याची तयारी दाखवून त्यांनी ती मंजूर करून घेतली. युद्ध टाळण्यासाठी जो राजीनामा त्यांनी दिला नाही, तो लढाईच्या आराखड्यासाठी त्यांनी पणाला लावला. त्यांच्या चरित्रातील ही गाठ इतिहासकारांना आजही सुटलेली नाही.

दक्षिण चीन समुद्रातील दुपार

७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरवर सहा विमानवाहू नौकांवरील विमानांनी हल्ला केला. २,४०३ अमेरिकन मृत्युमुखी पडले. तीन दिवसांनी सैगावच्या परिसरातील तळांवरून जपानी नौदलाची सुमारे ८५ बॉम्बफेकी व पाणतीरधारी विमाने उडाली. त्यांत ‘प्रकार ९६’ अधिक होती आणि नवी ‘प्रकार १’ कमी. ब्रिटिशांची नवी कोरी ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ आणि जुनी पण वेगवान ‘रिपल्स’ या नौका लढाऊ विमानांच्या संरक्षणाविना मलायाच्या पूर्व किनाऱ्यालगत होत्या. दोन तासांच्या आसपास सारे संपले. अॅडमिरल टॉम फिलिप्स यांच्यासह सुमारे ८४० नौसैनिक बुडाले. जपानने गमावली अवघी तीन विमाने. खुल्या समुद्रात लढण्याच्या तयारीत असलेल्या मोठ्या युद्धनौका केवळ विमानांनी बुडविल्याची ही इतिहासातील पहिली घटना. त्सुशिमाचे शास्त्रवचन त्या दुपारी रद्द झाले.

मलायातील हिंदी सैनिकांच्या दृष्टीने त्याचा अर्थ सरळ होता. समुद्रावरचे छत्र गेले. कोटाभारू आधीच पडले होते. ७ जानेवारी १९४२ रोजी स्लिम नदीकाठी जपानी रणगाड्यांनी ब्रिटिश-हिंदी फळी फोडली. तिच्यात हैदराबाद रेजिमेंटची चौथी पलटण होती. १५ फेब्रुवारीला सिंगापूर शरण गेले आणि ४०,००० हून अधिक हिंदी सैनिक युद्धकैदी झाले. आझाद हिंद सेनेची पहिली भरती याच कैद्यांतून झाली.

१९ फेब्रुवारीला ऑस्ट्रेलियातील डार्विन बंदरावरील दुसऱ्या लाटेत याच दोन जातींची ५४ विमाने होती. मार्चमध्ये अंदमान गेले. ५ एप्रिलला कोलंबोवर आणि ६ एप्रिलला विशाखापट्टणम व काकीनाडा येथे नौकांवरील विमानांचे बॉम्ब पडले. यामामोटोंनी वर्तविलेले सहा महिने वैभवात चालले होते.

पण इशारा मिळाला होता. २० फेब्रुवारी १९४२ रोजी रबौलहून निघालेली ‘प्रकार १’ ची १७ विमाने लढाऊ संरक्षणाशिवाय ‘लेक्सिंग्टन’ या अमेरिकन नौकेवर चालून गेली. जवळजवळ सगळी नष्ट झाली. जूनमध्ये मिडवेच्या लढाईत जपानने चार विमानवाहू नौका गमावल्या. ऑगस्टपासून ग्वाडलकॅनाल बेटासाठी झुंज सुरू झाली. ८ ऑगस्टला पाणतीर घेऊन गेलेल्या २३ विमानांपैकी बहुतेक परतली नाहीत. विमाने कारखान्यात पुन्हा तयार होत होती. अनुभवी वैमानिक पुन्हा तयार होत नव्हते. कर्मचाऱ्यांसाठी पत्रा आणि टाक्यांसाठी रबराचे आवरण न घेता जो पल्ला मिळविला होता, त्याची वसुली आता सुरू झाली.

१८ एप्रिल १९४३

एप्रिल १९४३ मध्ये यामामोटो रबौल येथे आले. सॉलोमन बेटांवरील हवाई मोहिमेची देखरेख करून आघाडीवरील वैमानिकांना धीर द्यावा, म्हणून त्यांनी बुगनविलजवळच्या तळांची पाहणी ठरविली. त्यांच्या दौऱ्याचे वेळापत्रक बिनतारी संदेशाने कळविण्यात आले. अमेरिकनांनी तो सांकेतिक संदेश उलगडला. यामामोटो वेळेचे अत्यंत काटेकोर, हे त्यांना माहीत होते.

१८ एप्रिलच्या सकाळी ‘प्रकार १’ ची दोन विमाने सहा झीरो विमानांच्या सोबतीने निघाली. ग्वाडलकॅनालहून १६ लाइटनिंग विमाने लाटांना चाटून, वळसा घेत सुमारे ६०० मैल आली आणि मिनिटांचा हिशेब चुकू न देता बुगनविलच्या किनाऱ्यावर पोहोचली. चकमक काही मिनिटांचीच झाली. दुसरे विमान समुद्रात पडले. त्यातील चीफ ऑफ स्टाफ उगाकी यांच्यासह तिघे वाचले. यामामोटोंचे विमान धूर ओकीत जंगलात कोसळले. त्यातील ११ जणांपैकी कोणीही वाचले नाही. शोधपथकाला सरसेनापतींचा देह आसनासह बाहेर फेकला गेलेला, हातात तलवार असलेला आढळला. वय ५९ वर्षे.

जपान सरकारने ही वार्ता महिनाभर लपवून २१ मे रोजी जाहीर केली. मरणोत्तर त्यांना सर्वोच्च आरमारी पद देण्यात आले आणि ५ जून १९४३ रोजी शासकीय इतमामाने अंत्यविधी झाला. त्यांच्या अस्थी तोक्यो आणि नागाओका येथे विभागून ठेवण्यात आल्या.

त्यांच्या पश्चात

विमानाची कहाणी मात्र संपली नव्हती. ५ डिसेंबर १९४३ रोजी कोलकात्याच्या गोदीवर जो मोठा हल्ला झाला, त्यात भूदलाच्या विमानांबरोबर नौदलाची ‘प्रकार १’ विमानेही होती. २१ मार्च १९४५ रोजी अशी १८ विमाने, त्यांतील बहुतेक मानवी बॉम्ब पोटाशी बांधून, अमेरिकन आरमारावर निघाली आणि सर्वच्या सर्व पाडली गेली. सुरक्षित टाक्यांची सुधारित आवृत्ती आली, पण फार उशिरा आणि मोजकीच. १९ ऑगस्ट १९४५ रोजी जपानचे शरणागती-शिष्टमंडळ वाटाघाटींसाठी निघाले, तेही याच जातीच्या दोन विमानांतून. त्यांना पांढरा रंग दिला होता आणि त्यावर हिरवे क्रूस रंगविले होते.

त्याआधी १ ऑगस्ट १९४५ च्या रात्री नागाओकावर अमेरिकेची लांब पल्ल्याची बी-२९ विमाने आली. त्यांच्या आगीत शहराचा बहुतांश भाग जळाला आणि सुमारे दीड हजार माणसे मरण पावली. १८६८ मध्ये जळालेले गाव ७७ वर्षांनी पुन्हा जळाले. त्या रात्रीच्या स्मरणार्थ नागाओकात दरवर्षी ऑगस्टच्या आरंभी आतषबाजी होते. २०१२ मध्ये नागाओका आणि होनोलुलू ही भगिनी-शहरे झाली आणि ऑगस्ट २०१५ मध्ये नागाओकाच्या आतषबाजीने पर्ल हार्बरचे आकाश उजळले. जेथे बॉम्ब पडले तेथे फुले उमलली, असे म्हणता येईल. मेलेले मात्र दोन्हीकडचे परत आले नाहीत.

नागाओकाच्या स्मारक-संग्रहालयात यामामोटोंच्या विमानाचा डावा पंख ठेवलेला आहे. बुगनविलच्या जंगलातून तो आणण्यात आला. त्याच पंखात पेट्रोलच्या टाक्या होत्या, त्यानेच तो अफाट पल्ला दिला आणि तोच सर्वांत आधी पेट घेई. आपला देश हे युद्ध हरेल, असे जाणणारा एक बुद्धिमान माणूस ते युद्ध लढला आणि त्याने ज्यांच्यावर भरवसा ठेवला त्या शेकडो तरुणांसारखाच गेला. शक्ती, पल्ला आणि पहिला घाव यांचे आकर्षण आजही राष्ट्रांना सुटलेले नाही. अशा वेळी त्या फाटक्या पंखापुढे क्षणभर थांबून, ढालीचा आणि परतीच्या वाटेचा विचार कोणी केला होता का, हा प्रश्न विचारायला हवा. कोटाभारूच्या वाळूत, स्लिम नदीच्या काठी आणि सिंगापूरच्या कैदेत सापडलेल्या आपल्या सैनिकांसाठीही तो प्रश्न तितकाच खरा होता.